देवीची लस शोधणाऱ्या खेड्यातल्या डॉक्टरचं घर: पुण्याहून इंग्लंडला जाणाऱ्यांनी कसं बघायचं

पुण्यातून इंग्लंडला जाणाऱ्यांचा प्रोग्राम साधारण ठरलेला असतो. लंडन, स्टोनहेंज, बाथ आणि दिवस उरलेच तर लेक डिस्ट्रिक्ट नाहीतर स्कॉटलंड. मुलगा-सून किंवा मुलगी-जावई तिकडे असतील तर त्यांच्या सुट्टीप्रमाणे फिरणं होतं, आणि मग मुक्काम कितीही लांबला तरी शेवटी सगळे बघतात तेच बघून आपण परत येतो. माझं म्हणणं एवढंच की त्यातला एक दिवस राखून ठेवा आणि ग्लॉस्टरशरमधल्या बार्कली नावाच्या छोट्या गावात जा. तिथे डॉ. एडवर्ड जेनर यांचं राहतं घर म्युझियम म्हणून जपलेलं आहे. देवीची लस देणारे ते जेनर. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव एका ओळीत येऊन गेलेलं असतं, दूध काढणाऱ्या मुलीची गोष्टही अर्धवट आठवत असते, पण हा माणूस कुठल्या मोठ्या लॅबमध्ये बसलेला नव्हता, घोड्यावरून आसपासच्या खेड्यांत पेशंट बघत फिरणारा साधा गावचा डॉक्टर होता, आणि गावातच राहिला म्हणून त्याला ते सापडलं, हे त्या घरात गेल्यावर जसं समजतं तसं पुस्तकातून समजत नाही.

घर मोठं नाही. काहीच न वाचता गेलात तर जुनं फर्निचर आणि काचेच्या कपाटातली हत्यारं बघून अर्ध्या तासात बाहेर याल, आणि एवढ्यासाठी इतक्या लांब आणलं का असं घरचे विचारतील. म्हणून तयारीपासून सगळं क्रमाने लिहितोय.

पहिलं काम पुण्यातच करायचं

निघायच्या आधी घरातल्या वयस्कर माणसांशी बोला. आजी, आजोबा, आत्या, शेजारचे काका, कोणीही चालतील, पण सत्तरच्या दशकाआधी जन्मलेले हवेत. त्यांच्या दंडावर किंवा हातावर देवी काढल्याचा, म्हणजे देवीची लस टोचल्याचा, वण असतो, तो एकदा नीट निरखून बघा. गोल, थोडा खोलगट, मध्ये कातडी चकचकीत आणि कडेला बारीक रेघा. आपल्या पिढीच्या डाव्या दंडावर असतो तो बहुतेक बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, त्यात गल्लत करू नका. नंतरच्या काळात देवीची लस दोन टोकांच्या बारीक सुईने द्यायचे. सुई लसीत बुडवली की दोन टोकांच्या मध्ये एक थेंब अडकून राहायचा आणि मग एकाच जागी भराभर पंधरा वेळा टोचायचं, रक्त अगदी पुसटसं दिसेल इतपतच. आमच्या घरात ‘देवी काढणारे आले’ म्हटलं की पोरं माळ्यावर लपायची असं थोरले सांगतात, तुमच्याकडेही अशी काहीतरी आठवण निघेलच. ती ऐकून, जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून मग जा. कारण त्या घरातली अर्धी गोष्ट अशा दंडांवरच लिहिलेली आहे.

पेठेतल्या शितळादेवीच्या पारावरही एकदा जाऊन या. लस नव्हती तेव्हा पोराला ताप भरला आणि अंगावर फोड दिसायला लागले की आईच्या हातात नवस बोलण्यापलीकडे फार काही नव्हतं. देवी आलेल्यांपैकी साधारण दहातले तीन दगावायचे, वाचलेल्यांच्या तोंडावर जन्माचे व्रण राहायचे आणि काहींची दृष्टीही जायची. हे डोक्यात असेल तर पुढचं बघताना फरक पडतो.

आणि थोडा पुण्याचा धागा. जेनरनी पुस्तक छापलं १७९८ साली, आणि चारच वर्षांत, १४ जून १८०२ ला, मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. त्या काळी फ्रीज नव्हता, बाटलीतली लस उन्हात खराब व्हायची, म्हणून एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात अशी साखळी करत ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईला पोचली होती आणि मुंबईहून तशीच पुढे गेली, त्यात पुणंही आलं. संगमावरच्या इंग्रज रेसिडेन्सीतले, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाच्या कचेरीतले, सर्जन थॉमस कोट्स हे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात इथे लस टोचायचं काम करत होते. ती रेसिडेन्सी १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी जळाली. आज त्याच शहरात हडपसरला लसी बनवणारी सिरम इन्स्टिट्यूट आहे, विषाणूंवर संशोधन करणारी एनआयव्ही ही सरकारी संस्था आहे, जगभरातल्या पोरांना टोचल्या जाणाऱ्या लसी इथून जातात. म्हणून मला वाटतं की इतर कोणापेक्षाही पुणेकराने हे घर बघायला हवं.

कधी जायचं

म्युझियम वर्षभर उघडं नसतं, उन्हाळ्याच्या सीझनमध्ये असतं आणि तेव्हाही आठवड्यातले ठराविक दिवसच. हे दिवस दरवर्षी बदलू शकतात म्हणून म्युझियमच्या साइटवर बघितल्याशिवाय ट्रेनचं तिकीट काढू नका. आपल्याकडचे आई-बाबा बहुतेक मे-जूनमध्ये जातात, ते एकदम सोयीचं पडतं. दिवस मोठा असतो, बागेत फुलं असतात आणि पाऊस पडला तरी आपल्या श्रावणातल्या सरींइतकाच. तरी रेनजॅकेट घ्याच, छत्री तिकडच्या वाऱ्यात टिकत नाही.

व्हिसा, विमान याबद्दल इथे लिहीत नाही, त्याची माहिती सगळीकडे मिळते आणि नियम सारखे बदलतात.

पोचायचं कसं

मॅपमध्ये शोधताना ग्लॉस्टरशर हा शब्द टाकायलाच हवा, नाहीतर मॅप तुम्हाला थेट अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला नेऊन सोडेल. आणि स्पेलिंग बघून आपण ‘बर्कले’ म्हणतो पण तिथले लोक ‘बार्कली’ म्हणतात, टॅक्सीवाल्याशी बोलताना तसंच म्हणा.

गाव ब्रिस्टल आणि ग्लॉस्टर यांच्या मधोमध आहे, ब्रिस्टलहून साधारण ३० किलोमीटर. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर प्रश्नच नाही, एम-५ मोटरवेच्या १३ किंवा १४ नंबरच्या जंक्शनला उतरून ए-३८ ने आत शिरायचं. आपल्या इथलं लायसन्स तिकडे व्हिजिटरला वर्षभर चालतं आणि गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते, पण गावाकडचे रस्ते इतके अरुंद आणि दोन्ही बाजूंनी झुडपांनी बंद असतात की समोरून ट्रॅक्टर आला तर रिव्हर्स घ्यावा लागतो, त्यामुळे पहिल्यांदाच तिकडे चालवत असाल तर हा दिवस मुलाला किंवा जावयाला चालवू द्या.

ट्रेनने जाणार असाल तर लक्षात ठेवा, बार्कलीला स्टेशन नाही. जवळचं स्टेशन कॅम अँड डर्सली, ते ब्रिस्टल-ग्लॉस्टर लाइनवर आहे. लंडनहून येणाऱ्यांनी पॅडिंग्टनवरून ब्रिस्टल पार्कवे गाठायचं आणि तिथून गाडी बदलायची. कॅम अँड डर्सली हे अगदी छोटं स्टेशन आहे, बाहेर आपल्यासारखी रिक्षांची रांग वगैरे काही नसते, तिथून गाव आठ-दहा किलोमीटरवर आहे म्हणून टॅक्सी आदल्या दिवशीच फोन करून ठरवा आणि परतीचीही त्याच वेळी ठरवून टाका. बसच्या भरवशावर राहू नका, विशेषतः रविवारी. सोबत गुडघे दुखणारं कोणी असेल तर ब्रिस्टलहून गाडी करून जाणंच बरं, चार-पाच जणांत वाटून घेतलं तर फार महाग पडत नाही.

आत गेल्यावर: आधी बाग, मग घर

तिकीट काढताना ‘गिफ्ट एड’ घेऊ का असं विचारतील. तिकडे टॅक्स भरणारं कोणी सोबत असेल आणि पैसे तेच देत असतील तर हो म्हणा, म्युझियमला सरकारकडून टॅक्सचा काही भाग परत मिळतो. हे म्युझियम एक धर्मादाय ट्रस्ट चालवतो, कोविडच्या वेळी दारं बंद असताना त्यांना लोकांकडे मदत मागावी लागली होती. अख्खं जग लसीची वाट बघत होतं आणि पहिल्या लसीचं घर मात्र पैशासाठी अडलं होतं, ही गोष्ट मला फार लागली. तेव्हा तिथल्या दुकानातून पोस्टकार्ड तरी घ्याच.

घराचं नाव ‘द चँट्री’. जेनरनी ते १७८५ मध्ये घेतलं आणि १८२३ साली ते गेले तेही इथेच. नंतर बरीच वर्षं ते चर्चच्या पाद्र्याचं घर होतं. जेनरचं म्युझियम आधी गावातल्या दुसऱ्या एका छोट्या घरात होतं, जपानमधले देणगीदार र्योइची सासाकावा यांनी मोठी रक्कम दिली म्हणून १९८५ मध्ये ते या मूळ घरात आलं.

सगळे जण दारातून सरळ घरात शिरतात. तुम्ही आधी बागेत जा. बागेच्या कोपऱ्यात एक झोपडी आहे, वर गवताचं छप्पर आणि भिंतींना सालीसकट ओबडधोबड लाकूड, आपल्याकडच्या शेतातल्या खोपीसारखी. जेनर तिला ‘टेंपल ऑफ व्हॅक्सिनिया’ म्हणायचे, म्हणजे लसीचं देऊळच म्हणा ना. इथे बसून ते गावातल्या गोरगरिबांना फुकट लस टोचायचे. दारात उभं राहून आत बघा, चार-पाच माणसं उभी राहिली तर भरेल एवढीच जागा आहे. जगात पुढे जी लसीकरणाची केंद्रं झाली, आपल्या सरकारी आरोग्य केंद्रातला पोलिओचा बूथ असो नाहीतर कोविडच्या रांगा, त्यांची सुरुवात इथली आहे. मी आधी इथे जायला सांगतो कारण एकदा ही झोपडी बघितली की घरातल्या वस्तूंकडे आपण एका डॉक्टरच्या वस्तू म्हणून बघतो, नाहीतर त्या श्रीमंत घरातल्या शोभेच्या वाटतात.

बागेतच काचघरात एक द्राक्षाचा वेल आहे, लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या प्रसिद्ध वेलाच्या फांदीपासून वाढवलेला. झाडांची आवड असेल तर चुकवू नका.

मग घरात. जेनरची अभ्यासिका सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखी आहे. इथे थांबून मूळ गोष्ट एकदा मनात लावून घ्या. जेनरचा जन्म याच गावातला, १७ मे १७४९ चा. लहानपणी त्यांना स्वतःला जुन्या पद्धतीने देवी टोचल्या होत्या, म्हणजे देवीच्याच फोडातला पू निरोग्याला टोचून हलका आजार आणायचा. ही पद्धत आपल्याकडेही होती, बंगालात टीकादार घरोघर फिरून हेच करायचे. त्यात धोका असा की टोचलेल्या माणसाला खरीच देवी यायची, कधी जीवही जायचा आणि त्याच्यापासून दुसऱ्यांना लागण व्हायची. पुढे जेनर एका सर्जनकडे शिकाऊ म्हणून राहिले, मग लंडनला जॉन हंटर या नावाजलेल्या सर्जनच्या हाताखाली शिकले. लंडनमध्ये राहून नाव काढता आलं असतं पण ते परत गावी आले. आणि गावात गुराखी, शेतकरी, दूध काढणाऱ्या बायका सगळ्यांना माहीत होतं की गाईच्या आचळावरच्या फोडांची लागण ज्याच्या हाताला झाली त्याला देवी येत नाहीत. डॉर्सेटमधल्या बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर १७७४ मध्येच स्वतःच्या बायको-मुलांना गाईच्या फोडातली लस टोचली होती. म्हणजे माहिती लोकांकडे होतीच. जेनरनी ती गावगप्पा म्हणून सोडून दिली नाही, पारखून बघितली, लिहून काढली आणि सगळ्यांना वाटली, त्यांचं मोठेपण मला यात दिसतं.

१४ मे १७९६ ला सारा नेल्म्स या दूध काढणाऱ्या मुलीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेऊन त्यांनी आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, दंडावर दोन बारीक चिरा देऊन टोचला. सातव्या दिवशी काखेत दुखलं, नवव्या दिवशी थोडी थंडी वाजली, भूक गेली, दुसऱ्या दिवशी पोरगा ठणठणीत. मग १ जुलैला त्याला खऱ्या देवीचा पू टोचला आणि काहीही झालं नाही. आज असा प्रयोग कुठलीच एथिक्स कमिटी करू देणार नाही आणि ते बरोबरच आहे, गरीब माळ्याला मालकाला नाही म्हणता आलं असतं का हा प्रश्न त्या खोलीत उभं राहिलं की मनात येतोच. तो टाळू नका, सोबत मुलं असतील तर त्यांच्याशी तिथेच बोला. पण हेही लक्षात घ्या की जुन्या पद्धतीने देवी टोचणं तेव्हा सर्रास चालायचं आणि फिप्सला कधी ना कधी ते टोचलंच गेलं असतं.

लंडनच्या रॉयल सोसायटीने, म्हणजे शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेने, हा शोध छापायला घेतला नाही. मग जेनरनी आणखी केसेस जमवल्या आणि २३ केसेसचं छोटं पुस्तक १७९८ मध्ये स्वतः छापलं. लोकांनी टिंगल केली, लस टोचलेल्यांना शिंगं फुटतात, अंगातून गाई निघतात अशी व्यंगचित्रं आली. आपण गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपवर काय काय वाचलं ते आठवा.

अभ्यासिकेशिवाय इथे तीन गोष्टी शोधून बघा. एक, लस टोचायच्या बारीक सुऱ्या, लॅन्सेट म्हणतात त्या. त्यांची पाती किती लहान आहेत ते बघा आणि घरच्या आजीचा वण आठवा. दुसरं, ब्लॉसम गाईची म्हणून जपलेली शिंगं, साराला लागण झाली ती या गाईकडून. तिसरं, कोकिळेच्या जातीच्या कक्कू पक्ष्याचा अभ्यास. जेनर १७८९ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले ते लसीमुळे नाही, या पक्ष्यामुळे. कक्कू दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण मूळ पक्ष्याची अंडी बाहेर कोण ढकलतं हे जेनरनी बघितलं: नुकतं जन्मलेलं, डोळेही न उघडलेलं कक्कूचं पिल्लूच. त्याच्या पाठीला एक खळगा असतो, त्यात अंडं धरून ते घरट्याच्या काठावरून बाहेर लोटतं, आणि बारा दिवसांचं होईपर्यंत तो खळगा भरून जातो. कुंपणापाशी बसून इतकं बारीक बघणारा माणूस होता तो, म्हणूनच दूधवालीचं बोलणं त्याने कानाआड केलं नाही.

वरच्या मजल्यावर देवीच्या उच्चाटनाची आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीची माहिती आहे. तिथे वाचायचं बरंच आहे. भारतातली देवीची शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये आसाममधल्या करीमगंजला सापडली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. माणसाला होणारा दुसरा कुठलाही रोग आजवर असा पूर्ण संपलेला नाही. जिने चढणं जमत नसेल तर म्युझियमला आधीच ईमेल करून विचारा काय सोय होईल ते, जुनं घर आहे. फोटोही आत विचारूनच काढा. तिथले स्वयंसेवक बहुतेक वयस्कर असतात आणि मनापासून सांगतात, आपण पुण्याहून आलोय आणि तिथे लसी बनतात एवढं सांगून बघा, गप्पा सुरू होतील.

घर आणि बाग मिळून दोन-अडीच तास धरा.

बाहेर पडल्यावर

शेजारीच सेंट मेरीज चर्च आहे, आत जेनर आणि त्यांचे घरचे पुरलेले आहेत. चर्चचा घंटेचा मनोरा मूळ इमारतीपासून वेगळा उभा आहे, असं फार कमी ठिकाणी दिसतं. प्रार्थना चालू असेल तर थांबून आत जा. जेम्स फिप्स मोठा झाल्यावर जेनरनी त्याला गावातच एक घर बिनभाड्याने राहायला दिलं होतं, म्युझियम आधी होतं ते हेच घर. ते बाहेरूनच बघायचं. जेनरच्या अंत्यविधीला हा फिप्स हजर होता.

बार्कली कॅसल अगदी जवळ आहे, दुसरा एडवर्ड राजा १३२७ मध्ये तिथे कैदेत असताना मारला गेला असं मानतात. त्याचं तिकीट वेगळं आणि उघडायचे दिवसही वेगळे, दोन्ही एकाच दिवशी उघडे असतील अशी तारीख निवडा. सोबत लहान मुलं असतील तर कॅसलऐवजी स्लिमब्रिजचं पक्षी केंद्र बघा, गाडीने थोड्याच वेळात पोचता, आणि मुलं जुनी हत्यारं बघून कंटाळलेली असतील तर बदकं-हंस बघून खूश होतात.

खाण्याचं सांगतो. गाव लहान, पब आणि चहाची दुकानं मोजकी, शाकाहारी माणसाला चीज सँडविच, सूप आणि स्कोन यावर भागवावं लागतं. घरून मेथीचे पराठे, दशम्या, कोरडी चटणी असं काहीतरी बांधून घ्या, पण ते म्युझियमच्या आत उघडू नका, खायला कुठे बसता येईल ते विचारून घ्या आणि डबा धुवायला पाणी मिळणार नाही हे धरून चाला.

उरलेलं लंडनमध्ये आणि ग्लॉस्टरमध्ये

परतताना ग्लॉस्टरवरून जात असाल तर तिथल्या कॅथीड्रलमध्ये जेनरचा मोठा संगमरवरी पुतळा आहे. लंडनमध्ये केन्सिंग्टन गार्डन्समध्ये त्यांचा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे, कारंज्यांच्या इटालियन गार्डनजवळ, हाइड पार्कला जाणारे शेकडो लोक त्याच्या समोरून नाव न वाचता पुढे जातात. तो १८५८ मध्ये ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये बसवला होता, पण चारच वर्षांत तिथून हलवला. आणि ब्लॉसम गाईचं कातडं बघायचं असेल तर ते लंडनच्या टूटिंग भागात सिटी सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत लावलेलं आहे. ते कॉलेज आहे, पर्यटनाची जागा नाही, त्यामुळे आधी लायब्ररीला ईमेल करून परवानगी मागा आणि उत्तर आलं तरच जा. टूटिंगला जाणं झालंच तर जेवायचा प्रश्न तिथे सुटतो, डोसा-इडलीची चांगली साउथ इंडियन हॉटेलं रस्त्याला लागूनच आहेत.